गाठीविना बांधणी

कोल्हापुरातून पंचगंगेचा पूल ओलांडून महामार्गाने पुण्याच्या दिशेने निघाले, की शिरोली पुलाची हे गाव आणि त्यालगतची शिरोली एमआयडीसी लागते. लोखंडाचे ओतकाम करणारे कारखाने आणि ओतलेले भाग कातून-घासून अचूक मापात आणणारी वर्कशॉप यांची ही वसाहत. आमच्या प्रयोगशाळेतील एका उपकरणासाठी एक पितळी बुश लेथवर करून घ्यायचे होते, म्हणून आम्ही तेथल्या एका लहान वर्कशॉपमध्ये गेलो होतो. जेवणाची सुट्टी चालू होती. लेथ बंद होते आणि खिडकीपाशी बसून मिस्त्री वेगळ्याच कामात गुंतले होते.

पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या खाचा कापल्या होत्या. त्या खाचांत गळाची काठी आडवी ठेवलेली होती. दोऱ्याचे रीळ एका कपात होते. त्यातून निघालेला दोरा बेअरिंगच्या एका जाडजूड कॅटलॉगच्या पानांमधून येत होता आणि कॅटलॉगवर लोखंडाचा एक ठोकळा ठेवला होता. मिस्त्री एका हाताने काठी सावकाश फिरवीत होते आणि काठीवर ठेवलेल्या कडीच्या पायावर दोऱ्याचे वेढे एकाशेजारी एक असे बसत चालले होते. दोन वेढ्यांत फट नव्हती आणि कुठे एकावर एक वेढा चढलेलाही नव्हता.

आम्ही थबकलो, त्याला कारण होते. आदल्या पावसाळ्यात घरच्या काठीची निसटलेली कडी आम्ही स्वतः बांधली होती. पहिल्यांदा दोरा कडीच्या पायावरून घसरून खाली गोळा झाला. मग आम्ही तो दात-ओठ खाऊन आवळला. कडी बसली खरी, पण काठी पहिल्यांदा चांगली वाकली तेव्हा नेमकी त्या बांधणीच्या कडेलाच चिरली. ही हकीकत सांगितल्यावर मिस्त्री हसले. म्हणाले, “सर, जोर लावून न्हाई बसत दोरा. चढाला घ्या, आपोआप बसतोय.”

हे वाक्य आम्ही बरोबर घेऊन आलो. कागदावर मांडून पाहिले तेव्हा लक्षात आले, की त्यात अकरावी-बारावीच्या घर्षणाच्या धड्यातील एक मोठा भाग सामावलेला आहे. तो उलगडून पाहू.

काठी, कडी आणि दोरा

पूर्वी गळाची काठी म्हणजे एक लवचीक बांबू आणि त्याच्या टोकाला बांधलेली दोरी. आजही पंचगंगेच्या काठावर अशा काठ्या दिसतात. दोर गुंडाळणारी चक्री वापरायची असेल, तर मात्र दोर काठीच्या अंगाने टोकापर्यंत न्यावा लागतो. त्यासाठी काठीवर ठरावीक अंतरांवर धातूच्या कड्या बसवतात. पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची जुनी संस्था आहे. तिच्या सभासदांच्या हातात अशाच काठ्या असतात.

आजची काठी म्हणजे काचतंतूंची किंवा कार्बनतंतूंची पोकळ, निमुळती नळी. (कार्बन विद्युतवाहक असल्याने अशी काठी विजेच्या तारांजवळ कधीही नेऊ नये, ही सूचना विद्यार्थ्यांना जरूर द्यावी.) या नळीला भोक पाडून स्क्रू लावता येत नाही, कारण भोक पाडले की तंतू तुटतात आणि नळी तेथेच मोडते. म्हणून प्रत्येक कडीला चपटे पाय असतात. ते नळीवर ठेवायचे, त्यांवर दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि शेवटी वर राळेचा लेप चढवायचा. मासा ओढू लागला, की काठीचा सगळा वाक आणि दोराची सगळी ओढ या वेढ्यांवर येते.

गाठ का नको?

या बांधणीत एकही गाठ नसते. गाठीत दोरा फार लहान त्रिज्येत वाकतो. वाकाच्या बाहेरच्या बाजूच्या तंतूंवर जास्त ताण येतो आणि दोरा तेथेच कमजोर होतो. शिवाय गाठीचा उंचवटा राहतो तो वेगळाच. मग गाठीशिवाय दोरा टिकतो कसा?

सुरुवात करताना दोऱ्याचे टोक नळीच्या लांबीच्या दिशेने ठेवून त्याच्यावरूनच पहिले पाच-सहा वेढे द्यायचे. टोक वेढ्यांखाली दबते. उरलेले कापून टाकायचे. शेवटचे आठ-दहा वेढे राहिले, की दोऱ्याचा एक वेगळा फास नळीवर ठेवायचा आणि उरलेले वेढे त्याच्यावरून द्यायचे. मग मुख्य दोरा कापून त्याचे टोक फासात ओवायचे आणि फास ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांच्या पोटात जाते. दोन्ही टोके अशी स्वतःच्याच वेढ्यांखाली दडपलेली राहतात.

वेढ्यांची चक्रवाढ

उधळलेल्या बैलाचे दावे खांबाला दोन वेढे देऊन धरले, तर एकटा माणूस बैलाला आवरतो. नावेचा दोर खुंट्याला गुंडाळतात तेही याचसाठी. यामागचा हिशेब अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडला.

वेढ्याचा एक अगदी लहान तुकडा घ्या. दोरा ताणलेला असल्यामुळे तो तुकडा काठीवर आतल्या बाजूला दाबला जातो आणि हा दाब त्या जागच्या ताणाच्या प्रमाणात असतो. घर्षण दाबाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्या तुकड्यापाशी दोऱ्याचा ताण जेवढा वाढू शकतो, ती वाढ मुळातल्या ताणाच्याच प्रमाणात असते. जी राशी स्वतःच्या प्रमाणात वाढते ती चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढते. दोरा आणि काठी यांच्यातील घर्षणांक ०.३ धरला, तर एका टोकाला धरलेल्या ताणाच्या किती पट ओढ दुसऱ्या टोकाला सोसता येईल ते असे :

१ वेढा – सुमारे ६.६ पट
२ वेढे – सुमारे ४३ पट
३ वेढे – सुमारे २८६ पट
४ वेढे – सुमारे १,८८० पट

विशेष म्हणजे या हिशेबात काठीची जाडी कुठेच येत नाही. महत्त्व आहे ते फक्त वेढ्यांच्या संख्येला आणि घर्षणांकाला. दोऱ्याला २ न्यूटन, म्हणजे साधारण २०० ग्रॅम वजनाएवढा ताण दिला आहे असे समजा. तीन वेढ्यांनंतर तो सांभाळायला टोकाशी एका ग्रॅमच्या वजनाहूनही कमी बळ पुरते. तेवढे बळ दडपलेले टोक सहज देते. गाठीचे काम वेढ्यांनी आधीच केलेले असते.

ताण किती हवा?

आता आमच्या चुकीकडे वळू. ताण जास्त असेल तर पकड जास्त, असे आम्ही गृहीत धरले होते. ते अगदीच खोटे नाही, पण त्याची किंमत पाहा.

समजा नळीचा व्यास ५ मिलिमीटर, दोऱ्याची जाडी ०.२ मिलिमीटर आणि ताण २ न्यूटन आहे. दोरा नळीवर जो दाब देतो तो काढायचा असेल, तर ताणाला नळीची त्रिज्या आणि दोऱ्याची जाडी यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर येते दर चौरस मीटरला सुमारे ४० लाख न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ ४० पट! भागाकारात त्रिज्या असल्यामुळे टोकाकडे, जेथे नळी २ मिलिमीटर व्यासाची आहे तेथे, त्याच ताणाने हा दाब १०० पटींवर जातो. ट्रकच्या टायरमधला दाब वातावरणाच्या दहा पटसुद्धा नसतो.

नळीतील बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने असतात, कारण तिला वाकायचे असते. चारही बाजूंनी आवळले जाणे सोसण्याची तिची ताकद त्यामानाने कमी. त्यात कडीच्या पायाची खालची कड तीक्ष्ण असेल, तर आवळलेला दोरा ती कड नळीत रुतवतो आणि काठी वाकली की प्रतिबल त्या एका रेषेवर एकवटते. आमची काठी बांधणीच्या कडेलाच का चिरली, याचे हे उत्तर.

मग २ न्यूटन पुरतात का? कडीचा पाय १५ मिलिमीटर लांब असेल, तर त्यावर ०.२ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याचे ७५ वेढे बसतात. पायावरून जाताना दोरा साधारण ६० अंशांनी वळला, तर प्रत्येक वेढा पायाला ताणाएवढ्याच, म्हणजे २ न्यूटन बळाने खाली दाबतो. ७५ वेढ्यांचे मिळून १५० न्यूटन झाले, म्हणजे जवळजवळ १५ किलो वजन त्या चिमुकल्या पायावर ठेवल्यासारखे! एका वेढ्याने जिवाच्या आकांताने धरण्यापेक्षा पंच्याहत्तरांनी थोडे थोडे धरणे केव्हाही चांगले. अट एवढीच, की ताण सर्वांचा सारखा हवा. कॅटलॉग आणि लोखंडी ठोकळा यांचे काम तेच. पानांच्या घर्षणामुळे दोरा कायम जवळजवळ एकाच ताणाने बाहेर येतो. ताण कमी-जास्त करायचा असेल तर ठोकळा बदलायचा.

चढ आणि उतार

आता मिस्त्रींच्या वाक्याचा गाभा. कडीचा पाय म्हणजे नळीवरचा एक उंचवटा. दोऱ्याला तो चढून जायचे असते. उतरत्या पृष्ठभागावर दिलेला वेढा आकसून कमी त्रिज्येच्या जागी जाऊ पाहतो; शंकूवर घातलेले रबर टोकाकडे घसरते तसा. त्याला घसरवणारे बळ ताणाच्या प्रमाणात असते. त्याला अडवणारे घर्षण दाबाच्या प्रमाणात असते आणि दाबही ताणाच्याच प्रमाणात असतो. दोन्हींची तुलना केली की ताण छेदून जातो! उरते ते एवढेच : उताराच्या कोनाचा स्पर्शक, म्हणजे टॅन, घर्षणांकापेक्षा कमी असेल तर वेढा राहील, जास्त असेल तर घसरेल. दोरा दुप्पट आवळला तरी उत्तर तेच. (कडीचा पाय नळीच्या एकाच बाजूला असल्याने प्रत्यक्ष हिशेब थोडा किचकट होतो, पण तत्त्व बदलत नाही.)

घर्षणांक ०.३ असेल तर ही मर्यादा सुमारे १७ अंशांची. पायाची जाडी १ मिलिमीटर आहे आणि त्याचे टोक फक्त २ मिलिमीटर लांबीत उतरते केले आहे असे समजा. उतार जवळजवळ २७ अंशांचा होतो आणि दोरा घसरणारच. तेच टोक कानशीने घासून ८ मिलिमीटर लांबीत उतरते केले, तर कोन जेमतेम ७ अंशांचा राहतो. म्हणून मिस्त्री दोऱ्याला हात लावण्याआधी प्रत्येक पाय कानशीने निमुळता करतात आणि पॉलिश पेपरने त्याच्या खालच्या कडा मोडतात. बांधणीचे निम्मे काम दोरा हातात घेण्यापूर्वीच होते.

दिशेचे महत्त्वही यातूनच कळते. नळीवरून सुरुवात करून पायावर चढत गेले, तर प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याच्या वरच्या अंगाला पडतो. तो घसरू पाहतो ते खाली, म्हणजे आधीच्या वेढ्याकडेच. तेथे तो टेकतो आणि फट आपोआप मिटते. उलट पायावरून नळीकडे उतरत आले, तर नवा वेढा आधीच्या वेढ्यापासून दूर पळतो आणि फट पडते. जे गुरुत्वाकर्षण डोंगर उतरणाऱ्याला ढकलते, तेच दगड रचणाऱ्याला मदत करते, तसेच हे. ‘चढाला घ्या, आपोआप बसतोय’ याचा अर्थ हा.

पाऊण अंशाचा कोन

लेथवर आटे कापताना जॉब एक फेरा फिरला, की हत्यार बरोबर एका आट्याएवढे पुढे सरकले पाहिजे. येथेही तोच नियम आहे. काठीच्या एका फेऱ्यात दोरा आपल्या जाडीएवढाच पुढे जायला हवा. ५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा परीघ सुमारे १५.७ मिलिमीटर. तेवढ्या प्रवासात दोरा ०.२ मिलिमीटर पुढे सरकतो. हा कोन पाऊण अंशाहूनही किंचित कमी आहे. डोळ्याला दोरा काठीशी काटकोनातच आहे असे वाटते.

प्रत्यक्षात दोरा पूर्ण झालेल्या वेढ्यांच्या बाजूला अगदी थोडा कलता ठेवतात. त्यामुळे नवा वेढा जुन्याला बाजूने चिकटून बसतो. कल जास्त झाला तर तो जुन्याच्या डोक्यावर चढतो आणि पुढच्या बाजूला कल गेला तर फटी पडतात. एवढे करूनही राहिलेल्या बारीक फटी पेनच्या गुळगुळीत पाठीने वेढे हळुवार रेटून बुजवता येतात. एखादा वेढा चढलाच, तर तेवढेच फेरे उलटे सोडून पुन्हा द्यावेत. वरून लेप दिल्यावर दोष झाकला जात नाही, उलट जास्त उठून दिसतो.

लेप दिल्यावर रंग का बदलतो?

वेढे पूर्ण झाले, की त्यांवर इपॉक्सी राळेचा लेप देतात. त्यात भिजताच नायलॉनच्या दोऱ्याचा रंग गडद होतो आणि काही वेळा दोरा जवळजवळ पारदर्शक होऊन खालचा कडीचा पाय दिसू लागतो. कोरड्या दोऱ्यात तंतूंच्या मधे हवा असते. हवा आणि नायलॉन यांचे अपवर्तनांक बरेच वेगळे असल्यामुळे प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो आणि रंग फिका दिसतो. राळ हवेची जागा घेते. नायलॉन आणि राळ या दोघांचा अपवर्तनांक १.५च्या आसपास असल्याने विखुरणे फार कमी होते. ओला सुती कपडा गडद दिसतो, तेलाचा डाग पडलेल्या कागदातून पलीकडचे दिसते, त्याचेही कारण हेच.

राळ घट्ट होण्यास काही तास लागतात. तोवर काठी स्थिर ठेवली तर गुरुत्वाकर्षणाने लेप खालच्या बाजूला ओघळतो. म्हणून ती सावकाश फिरवत ठेवतात. प्रत्येक बाजूची ‘खाली’ येण्याची पाळी सारखी येते आणि पृष्ठताण लेपाला गुळगुळीत करतो.

सतार आणि मोटार

हेच तत्त्व आमच्या परिसरात आणखी दोन ठिकाणी दिसते. मिरजेची सतार प्रसिद्ध आहे. तेथील सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे धातूचे पडदे दांड्याला खिळ्यांनी नव्हे, तर दोऱ्याच्या वेढ्यांनी बांधलेले असतात. वाजवताना पडदा हलता कामा नये. पण राग बदलला की तो बोटाने सरकवता आला पाहिजे. म्हणजे येथे घर्षण पुरेसे हवे, पण फार नको, आणि लेप तर मुळीच नको. काठीवरची कडीसुद्धा लेप देण्यापूर्वी अशीच किंचित सरकवता आली पाहिजे, म्हणजे सगळ्या कड्या एका ओळीत आणता येतात.

दुसरे उदाहरण मोटार वाइंडिंगचे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते. अशा पुरात नदीकाठचे शेतीपंप पाण्यात जातात आणि मग वाइंडिंगच्या दुकानांत मोटारींची रांग लागते. तांब्याच्या तारेचे वेढे एकमेकांवर वेडेवाकडे चढले, तर कंपनाने तारेवरचा इनॅमलचा थर घासला जातो आणि वेढे आपसात जुळून मोटार जळते. म्हणून तेथेही वेढे नीट बसवून वर व्हार्निश देतात.

वर्गात करून पाहा

१. आडव्या, गुळगुळीत नळीवरून सुतळी टाका. एका टोकाला पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली बांधा, दुसऱ्या टोकाला कागदी कप. सुतळी नळीवर अर्धा, दीड आणि अडीच वेढे देऊन प्रत्येक वेळी बाटली घसरू नये म्हणून कपात किती नाणी लागतात ते पाहा. घर्षणांक ०.३ असेल, तर अडीच वेढ्यांना पाच ग्रॅमच्या आसपास वजन पुरावे. तुमच्या आकड्यांवरून तुमच्या सुतळीचा घर्षणांक काढा.

२. जाड कागदाचे कमी-जास्त निमुळते शंकू करा. त्यांवर दोरा एकदा टोकाकडून बुडाकडे आणि एकदा बुडाकडून टोकाकडे गुंडाळा. कोणत्या शंकूवर दोरा घसरू लागतो? ताण वाढवून फरक पडतो का?

३. पेन्सिलीवर दोरा गुंडाळून त्याची जाडी काढण्याचा प्रयोग आपण नेहमीच करतो. तो ३० वेढ्यांऐवजी १०० वेढ्यांचा करा. ०.२ मिलिमीटरच्या दोऱ्याचे ३० वेढे ६ मिलिमीटर जागा घेतात. मोजपट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर उत्तरात ८ टक्के फरक पडतो. १०० वेढ्यांत तीच चूक अडीच टक्क्यांवर येते.

या तिसऱ्या प्रयोगाबद्दल एक कबुली द्यायला हवी. विद्यार्थी असताना आमचे वेढे फटींचे आणि एकमेकांवर चढलेले असत. मग आम्ही मोजपट्टी वाचण्याऐवजी पुस्तकातले उत्तर आठवून आकडा लिहीत असू, आणि त्याला गुण मिळत. ज्याचे वेढे खरोखर स्वच्छ बसत, अशा मुलाला त्याबद्दल वेगळा गुण मिळाल्याचे आम्हाला आठवत नाही. या प्रयोगात मोजपट्टी हे निम्मेच उपकरण आहे. दुसरे निम्मे उपकरण म्हणजे मुलाच्या हाताने बसवलेले वेढे. ते बिघडलेले असेल, तर पुढचे सगळे गणित फुकट.

शिरोलीच्या आसपासच्या शाळांत लेथवर, ओतकामात, वाइंडिंगच्या दुकानांत काम करणाऱ्यांची मुले शिकतात. घरी त्यांनी अशी कामे पाहिलेली असतात, काहींनी केलेलीही असतात. घर्षणाचा धडा सुरू करण्यापूर्वी त्यांच्या हातात एक पेन्सिल आणि दोऱ्याचे रीळ द्यावे, आणि दोरा कोणत्या बाजूने चांगला बसतो ते त्यांनाच विचारावे. फळ्यावर सूत्र त्यानंतर लिहावे. आम्हाला ते याच क्रमाने समजले.